रंगरावांच्या नाकाचा निकाल

शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीवर दिवाणजी असलेल्या रंगराव साळोख्यांचं नाक आठ वर्षं एक तर चोंदलेलं असायचं, नाही तर गळत असायचं. कोल्हापुरात सल्ला फुकट मिळतो आणि मोठ्या आवाजात मिळतो. "गुळाची धूळ बाधतीया, दिवाणजी," असं गाडीवान म्हणत. शेजारी म्हणत, "दही सोडा." धूळ सोडायची तर नोकरी सुटली असती, म्हणून रंगरावांनी दही सोडलं. मग केळी सोडली, पेरू सोडला. नाकाने मात्र काहीच सोडलं नाही.

शेवटी १९७४च्या हिवाळ्यात ते मिरजेच्या एका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी निरनिराळ्या पदार्थांचे थेंब हातावर टाकून बारीक बारीक टोचलं आणि वाट पाहिली. कुठेही गांध उठली नाही.

"तुम्हाला कशाचीच ॲलर्जी नाही," डॉक्टर म्हणाले. "गार वारा, फोडणी, उदबत्तीचा धूर, एवढ्यानेही बिघडणारं नाक आहे. सांभाळून घ्यायचं."

दोष द्यायला काहीतरी मिळेल या आशेने गेलेले रंगराव रिकाम्या हाताने परतले.

"आता काय सोडायचं?" बायकोने, कालिंदीने, दारातच विचारलं.

"काय न्हाई. दोष कशाचाच न्हाई."

"म्हंजे आठ वर्सं दह्याचा काय गुन्हा न्हवता म्हणा की!" असं म्हणत ती शेजारच्या चाँदबीकडे विरजण मागायला गेली.

दुसऱ्या दिवशी रंगराव दहीभात जेवायला बसले. नाक गळतच होतं. दही आंबट आहे एवढंच कळलं. बाकीची चव नाकाने अडवली. त्यांनी नाक पुसलं आणि आणखी वाढायला सांगितलं.