रिपोर्ट मुंबईचा, पाय पोरीचा

कसबा बावड्याच्या आमच्या दवाखान्यात आम्ही बायका डबा खायला बसलो की किस्से निघतात. एकीचा संपायच्या आत दुसरीचा सुरू. पोलिओच्या त्या वर्षांत मात्र डबा खायलाच सवड नसायची, म्हणून तेव्हाचे किस्से अजून सांगून संपलेले नाहीत.

नियम असा होता, की लहान मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला तर लगेच कळवायचं, कारण काहीही असो. मुलाची शी बर्फाच्या पेटीतून मुंबईच्या प्रयोगशाळेत जायची. तिथली माहिती दिल्लीला आणि तिथून परदेशात.

चार वर्षांच्या पिंकीचा पाय तापानंतर असाच लुळा पडला. कांबळे सिस्टर आणि मी, त्यांची मदतनीस, डबी घेऊन तिच्या घरी गेलो. पिंकीची आई रंजना रडत होती. शेजारची आक्का दारातच उभी होती.

"गल्लीतली गटार तुंबलीया, ती बघाय कोण येत न्हाय," आक्का म्हणाली. "आणि पोरीची शी बघाय परदेश?"

"तुमच्या गटारीला ताप आला की कळवा, आक्का," सिस्टर म्हणाल्या.

*

पेटी मुंबईला पोचवायचं काम माझ्याकडं आलं. बर्फ वितळला तर सगळं फुकट. एसटी जरा थांबली की माझा हात पेटीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुल्फी हाय काय ओ?"

मी खरं ते सांगितलं.

तीन माणसांची सीट मुंबईपर्यंत माझी एकटीची झाली.

*

रिपोर्ट येईपर्यंत रंजना पिंकीला कडेवर घेऊन रोज दवाखान्यात यायची. "आलं काय?" एवढंच विचारायची. बसायची नाही, येरझाऱ्या घालायची.

आधी हीच रंजना पोरीला बदडायची. साखर कारखाना जवळ, त्यामुळं उसाचे ट्रॅक्टर गल्लीवरनंच जातात. ट्रॅक्टर दिसला की पिंकी मागं पळून ऊस ओढायची, आणि चाकाखाली जाईल या भीतीनं आई धपाटे घालायची.

शेवटी रिपोर्ट आला. पोलिओ नव्हता. सिस्टर आनंदानं सांगायला गेल्या, तर रंजना म्हणाली, "रिपोर्ट मुंबईचा, बाई. पाय माझ्या पोरीचा. त्यो कवा उठणार?"



*

दोन महिन्यांनी पाय पुन्हा तपासायचा होता. त्यासाठी परदेशातले डॉक्टर येणार म्हटल्यावर गोरा साहेब बघायला गल्ली जमली. पिंकीच्या दारात जीपमधून उतरले बांगलादेशचे डॉक्टर, बुटके आणि सावळे.

"ह्यो परदेशी?" आक्का म्हणाली. "ह्यो तर गडहिंग्लजचा वाटतोय की."

तरी पावणं ते पावणं. आक्कानं आधी त्यांच्यापुढं तांबड्या रश्श्याची वाटी ठेवली. दोन घोटांत डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आक्का हळूच मला म्हणाली, "पोरीसाठी रडला बघ. माणूस चांगला हाय."

*

मग डॉक्टर हिंदीत म्हणाले, "बच्ची को नीचे रखिए."

रंजना ठेवेना. पिंकीला तिनं आणखी आवळून धरलं. सिस्टरनी समजावलं, मी समजावलं.

"आणि पडली तर?" ती म्हणाली. "मग काय करू मी?"

 

तेवढ्यात कोपऱ्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला. स्पीडब्रेकरला तो हळू झाला, आणि गल्लीतली सगळी पोरं सुटली.

पिंकी आईच्या कडेवरनं सरकली. रंजना ओरडायच्या आत ती उंबऱ्याबाहेर होती. एक पाय ओढत होती, पण दोन्ही पायांवर होती.

आम्ही सगळे दारात येऊन उभे राहिलो. ट्रॅक्टर गेला. धुरळ्यातनं पिंकी परत आली, आपल्या उंचीपेक्षा लांब ऊस फरफटत.

रंजनाचा हात सवयीनं वर गेला आणि तसाच राहिला. ती माझ्याकडं वळली.

"शालनताई," ती म्हणाली, "आता हिला मारू का नको?"