झाडू लागला की हात वर

मर्ना कोवालिक काही प्रेमळ बाई नव्हे. शाळेची बस चालवून निवृत्त झाली, पण मागच्या बाकावर दंगा करणाऱ्याला आरशातून नुसतं बघून गप्प करायची सवय काही निवृत्त झाली नाही. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या आमच्या गावात हिवाळाभर कर्लिंगशिवाय दुसरं काम नसतं. आमच्या चौघांच्या संघाची कप्तान तीच. तिच्या हाताखाली खेळायचं तर बोलणी पचवायला पोट मोठं लागतं, हे मी अनुभवाने सांगते.

कर्लिंगमध्ये एकाने बर्फावरून जड दगड सरकवायचा आणि दोघांनी त्याच्यापुढे पळत झाडूने बर्फ घासायचा. घासताना झाडू दगडाला लागला की दगड बाद. पण तसं समोरच्या संघाने ओरडायचं नसतं. ज्याचा झाडू लागला त्याने, नाहीतर त्याच्याच संघातल्या कुणीतरी हात वर करायचा. आमच्याकडे पंच नसतो. मर्नाने एकदा अंतिम सामन्यात असा हात वर करून हातातला करंडक घालवला. तिचा नवरा वॉल्ट आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. तेवढीच शांतता मिळाली, असं ती म्हणते.

खेळ संपला की दोन्ही संघांनी एका टेबलावर बसायचं आणि जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायचं, हाही रिवाज. त्या संध्याकाळी आम्ही डेलच्या संघाला हरवलं होतं. डेल ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याचं लग्न आयव्हनशी झालंय, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी हंगाम संपतानाच्या जेवणाला सगळे जोडीने यायचे आणि डेल एकटा.

"यंदा आयव्हनला आण की," मर्ना म्हणाली.

"बघतो. त्याला यायचंय खरं तर."

आमच्या संघातला गॉर्ड बिअर ओतत होता. "आण, आण. फक्त तुमच्यात बायको कोण ते आधी सांग. बायकांच्या टेबलाला एक खुर्ची वाढवतो."

सगळे हसले. डेलही हसला. तो नेहमीच हसायचा, त्यामुळे आम्ही निर्धास्त असायचो. मग तो म्हणाला, "राहू दे यंदा. पुढच्या हिवाळ्यापासून मीही खेळणं बंद करीन म्हणतो. गुडघा कुरकुरतोय."

त्याचा गुडघा ठणठणीत होता. तासाभरापूर्वीच आम्ही त्याला पळताना पाहिलं होतं.

मर्नाने पेला खाली ठेवला आणि हात वर केला, बर्फावर करते तसाच.

"आता काय?" गॉर्डने विचारलं.

"आपला झाडू लागला."

"अगं, खेळ कधीच संपला."

"तुझा लागला, गॉर्ड. तू सांगत नाहीस म्हणून मी सांगतेय."

"गंमत केली गं. डेलला चालतं. काय रे डेल?"

"त्याला कशाला विचारतोस? समोरच्याने ओरडायचं नसतं. आणि तो ओरडला असता तर तूच म्हणाला असतास, याला साधी थट्टा सोसत नाही." मर्नाचा आवाज जराही चढला नव्हता. "आमच्या घरी स्वयंपाक वॉल्ट करतो. त्याला कुठल्या टेबलावर बसवतोस?"

कुणी हसलं नाही. गॉर्डने कोट उचलला आणि निघून गेला. मर्नाने त्याच्या वाटचे शेंगदाणे संपवले. मला तिचा फार अभिमान वाटला.

जेवणाला डेल आला, सोबत आयव्हन. गॉर्डही आला, पण लांब बसून बटाट्याच्या कोशिंबिरीकडे रागाने बघत राहिला. डेल ताट घेऊन मर्नाशेजारी येऊन बसला.

"खरं सांगू?" तो हळूच म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटायचं, अशी थट्टा मला लागते हे तुमच्या कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून कधी राग धरला नाही."

मर्नाने काट्याने ताटातले वाटाणे बाजूला सारले.

"येत होतं, डेल," ती म्हणाली. "सगळ्यांच्याच येत होतं."