कमरेवरची रेघ

टँकरची वाट बघत आम्ही बायका समोरच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगाला टेकून बसायचो. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या उघड्या कमरेवर, मागच्या बाजूला, एक लाल रेघ उठली. दोऱ्याएवढी, नागमोडी. खाज सोसवत नव्हती. रोज सकाळी आरशात बघून मी तिच्या टोकाशी पेनानं ठिपका द्यायची. दुसऱ्या दिवशी रेघ ठिपक्याच्या पुढे गेलेली असायची. ती पोटाकडे वळली तेव्हा माझी खात्री झाली, ही नागीणच.

घरात सांगायची लाज वाटली. शेजारच्या अक्कांना विचारलं, तेही ओळखीच्या एकीला झालंय म्हणून.

"कमरेला? वेढा पुरा होऊन तोंडाला शेपूट लागलं की माणूस गेलं," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. "तिला म्हणावं, आधी लेकीला स्वयंपाक शिकव. नवरा उपाशी राहायला नको."

त्यांची थट्टा मी खरी धरली. माझी मुलगी दहा वर्षांची. शाळेतून आली की तिला गॅसपाशी उभी करायची. पोळी फाटली की मी ओरडायची.

"जरा थांब ना आई, हात दुखतोय."

मी थांबले नाही. आठव्या दिवशी तवा घसरला. पोळी खाली पडली तर मी ओरडेन, म्हणून तिनं तवा उघड्या हातानं धरला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिच्या तळव्याला पट्टी बांधली. मी पदराआडून खाजवत होते ते त्यांनी पाहिलं आणि विचारलं. मी पदर सारखा केला. मुलगीच म्हणाली, "आई सारखी खाजवते. पेनानं ठिपके पण काढते."

बाईंनी रेघ पाहिली. "वाळूत बसला होता ना? ही नागीण नाही. कुत्र्याच्या जंताची अळी आहे, त्यांच्या विष्ठेतून वाळूत येते. कुत्र्याच्या कातडीतून ती आत उतरते. माणसाच्या कातडीत वरचा पापुद्रा तेवढा पोखरते. खालचा थर घट्ट विणलेल्या कापडासारखा असतो, तो तिला तोडता येत नाही. म्हणून वाट चुकल्यासारखी फिरत राहते."

"आणि वेढा पुरा झाला तर?"

"होऊ दे. पुन्हा फिरेल!"

त्या हसल्या. गोळ्या दिल्या. रेघ आठवड्याभरात वाळली.

मुलीच्या हाताचं मात्र त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. भाजणं त्या खालच्या थरापर्यंत गेलंय, तिथली वीण पहिल्यासारखी होत नाही, कातडी आखडेल. तशी ती आखडली आहे. दोन बोटं पुरती उघडत नाहीत. पेन्सिल ती आता वेगळीच धरते.

त्या आठ दिवसांत एवढी घाई कशाची होती, असं तिनं परवा विचारलं. मी म्हणाले, पुढं सुट्टीत पाहुणे येणार होते ना, म्हणून. तिनं मान हलवली आणि लिहायला लागली.