नीओफाइट वहिनी

मेहकरातल्या आमच्या शेजारीणबाईंना कुणी शिकाऊ म्हटलेलं खपत नाही. पन्नाशीत त्यांनी स्कुटी घेतली, तेव्हा मी गमतीनं म्हणालो, "वहिनी, नवशिक्याला इंग्रजीत एक भारी शब्द आहे, नीओफाइट." झालं. दुसऱ्या दिवशी स्कुटीच्या मागे त्याच शब्दाचा स्टिकर. आपटल्या तरी पदर झटकत म्हणायच्या, "पडली नाही भाऊजी, नीओफाइट हाय मी."

त्यांची भाजी जानेफळच्या बाजाराला नेणारा ऑटोवाला खिदळायचा, "काकू, या वयात कायले? शेवटी माह्याच ऑटोत बसान."

बाजाराच्या दिवशी वांग्यांचं पोतं पायाशी ठेवून, मेथीच्या जुड्या मागे बांधून वहिनी एकट्या निघाल्या. दुपारी रिकामं पोतं घेऊन, हॉर्न वाजवत परतल्या आणि ऑटोवाल्यासमोरून मुद्दाम दोन चकरा मारल्या. मग त्यांनी स्टिकर सोलला आणि माझ्या खिशावर चिकटवला.

"बसा मांगं. बाईच्या गाडीवर कधी बसले नसान तुमी. भेऊ नका, नीओफाइटले पयल्यांदा असंच होते."

अख्खी गल्ली बघत होती. मी छाती पुढे काढून बसलो.