जहाजावर जेवाले कोट कायले?

पहिले मले कोणी तरी हे सांगा, की समुद्रात जेवाले कोट कायले लागते? जहाज बुडून राहिलं तं कोटवाल्याले पहिले बाहेर काढतात काय? नाही ना? मंग!

थांबा, नीट सुरुवातीपासून सांगते. डोकं अजून गरमच आहे माझं, म्हणून असं होते.

तं झालं असं, की बाबा रिटायर झाले. रेल्वेत टीटी होते, सारी नोकरी तिकिटं तपासण्यात गेली. मी नुकतीच नोकरीले लागली होती, नव्या रायपूरले, त्या मोठ्ठ्या रिकाम्या सडकांवर जिथं ऑफिसची बस सोडून दुसरं काही दिसत नाही तिथं. म्हटलं, आई-बाबाले क्रूझवर नेऊ. मुंबईहून बसायचं, गोवा, आणखी थोडं खाली, अन् परत. आमच्याकडे तलावाच्या काठालेच लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात, यावरूनच समजून घ्या की समुद्राची आम्हाले किती सवय असंन.

बुकिंग झालं अन् दोन-चार दिवसांत कंपनीचा मेल आला. मी घरी येऊन हसत हसत वाचून दाखवला. दुसऱ्या संध्याकाळी फॉर्मल नाइट. पुरुषांनी कोट अन् टाय, बायकांनी गाऊन किंवा साडी. मोठ्या हॉलमध्ये टेबलावर बसायचं, वेटर एकेक पदार्थ आणून देणार. ज्याले सजायचं नाही त्याच्यासाठी वरच्या मजल्यावर बुफे.

आईनं गॅस बंद केला. "परत वाच."

मी परत वाचलं.

"मले हे पाहिजे," आई म्हणे. "समुद्र पाहू, गोवा बी पाहू, ठीक आहे. पण हे जेवण मले पाहिजे. तुझ्या बाबासोबत. चांगले कपडे घालून, सूपापासून तं गोडापर्यंत."

आता हे बाहेरच्याले समजणार नाही. आमच्या घरच्या कोणत्याही लग्नाचे फोटो काढून पाहा. आई सजून बसली आहे, समोर ताट आहे, बाजूच्या खुर्चीसमोर अर्धं खाल्लेलं ताट आहे, अन् खुर्ची रिकामी. बाबा गाडी पकडाले गेलेले. मामाच्या लग्नात तं जिलेबी हातात घेऊनच पळाले. आईले बाजूची मावशी विचारे, "जावई कोठी गेले?" अन् आई म्हणे, "ड्युटीवर." इतक्या वर्षांत नवऱ्याच्या बाजूले बसून एक जेवण शेवटपर्यंत झालं नाही बाईचं. म्हणून मी बी म्हटलं, डन आई, हे तं होणारच.

बाबा पेपर खाली न करता म्हणे, "मी कोट घालत नाही."

अन् त्यायचं बी चूक नव्हतं, हीच तं मुसिबत होती! मे महिन्यात रायपूरच्या प्लॅटफॉर्मवर काळा कोट घालून उभं राहून पाहा एकदा. लोक गमछे ओले करून डोक्यावर बांधून राहिले, कुत्रे नळाखाली बसून राहिले, अन् हा माणूस गळ्यापर्यंत टाय लावून डब्या-डब्यातून फिरून राहिला. घरी यायचे तं पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे. रिटायर झाले त्या दिवशी दारातच कोट काढला, आईच्या हातात दिला अन् म्हटलं, "हा आता मले दाखवू नको." आईनं डांबरगोळ्या टाकून पेटीत ठेवून दिला.

"अहो, एका संध्याकाळचा प्रश्न आहे."

"एकाच काय, अर्ध्या संध्याकाळचा बी नाही. तू खाली जेव, मी वर बुफेत जेवतो."

"बुफेत तं आपण लग्नात बी उभे राहून जेवतो! त्याच्यासाठी समुद्रात कायले जायचं?"

हे रोज. अक्षरशः रोज! मी ऑफिसातून थकून यायची, बॅग ठेवायच्या आधी दोघं बी माझ्याकडे पाहायचे, जसं काही मीच जहाजाची कॅप्टन आहो.

बरं, त्या कंपनीले तरी एका गोष्टीवर राहता यावं की नाही? महिन्याभरात दुसरा मेल. आता म्हणे फॉर्मल नाइट नाही, व्हाइट नाइट. सगळ्यांनी पांढरं घालून यायचं.

"पांढरं?" आई म्हणे. "माझ्याजवळ पांढरं कोठी आहे?"

शेजारच्या काकू बौद्ध आहेत, त्या हे ऐकून घरात गेल्या अन् हातभर पांढऱ्या साड्या घेऊन आल्या. "घे, कोणती पाहिजे ते सांग. आमच्यात लग्न बी पांढऱ्यात लागते, तुमचं जहाज काय मोठं लागून गेलं!" बाबा तं एकदम खूश. पांढरा कुर्ता, पांढरा पायजमा, कोटाचं नाव नाही. घरात दोन आठवडे शांती. मी बी रात्रीचं जेवण आरामात जेवली.

मंग तिसरा मेल. व्हाइट नाइट रद्द. आता "एलिगंट इव्हनिंग". पुरुषांकडून जॅकेट अपेक्षित.

मी तं बसमध्येच जोरात ओरडली, बाजूची मुलगी घाबरली बिचारी.

घरी बाबानं मेल हातात घेतला, चष्मा लावला, अन् नोकरीतला सगळा अनुभव त्या एका शब्दावर काढला. "अपेक्षित म्हणजे काय? नियम आहे की नाही?"

"बाबा, म्हणजे घातला तं चांगलं."

"नाही घातला तं दंड किती?"

"दंड नाही आहे बाबा."

"दंड नाही तं नियम नाही. संपला विषय."

"पण दारातून आत सोडलं नाही तं?" आई म्हणे.

"मंग नियम आहे. मंग दंड काहून नाही लिहिला?"

मी कस्टमर केअरले फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणे, "मॅम, बस स्मार्टली ड्रेस्ड होना चाहिए." मी म्हटलं, स्मार्टली म्हणजे कोट का? ती म्हणे, "जो आपको कम्फर्टेबल लगे मॅम." मी म्हटलं, मंग बनियान? फोन कटला.

भिलाईचा माझा आतेभाऊ मागच्या वर्षी अशाच जहाजावर जाऊन आला होता. त्याले विचारलं तं म्हणे, "अरे दीदी, कोई नहीं पहनता, मैं तो बरमूडे में घूमा." मी आईले सांगितलं. आई म्हणे, "तो पोट्टा तं साखरपुड्यात बी बरमुड्यात आला होता. त्याचं काय सांगते मले."

मंग एक दिवस आई अचानक भांडायची बंदच झाली. मले तेव्हाच समजायले पाहिजे होतं. बाबाले म्हणे, "तात्यापारा मोहल्ल्यातल्या टेलरजवळ तुमचं माप आहेच. एक हलकासा पार्टीवाला कोट शिवून घेते, अस्तर बी ठेवत नाही, हवा लागंन. तासभर घाला. गोड आलं की काढून टाका." बाबा बी आता कंटाळले होते. थोडा वेळ पेपरात पाहून म्हणे, "तासभर. वर एक मिनिट नाही." आई देवघरात जाऊन साखर ठेवून आली. मी म्हटलं, चला, सुटलो!

मुंबईच्या गाडीत टीटी आला तो नुसत्या शर्टात. तरुण पोरगा, गळ्यात ओळखपत्र, कोट-बिट काही नाही. बाबा त्याच्याकडे तो पुढच्या डब्यात जाईपर्यंत पाहत राहिले. मंग आईले म्हणे, "पाह्य. यानं बी काढला. अन् मी रिटायर होऊन घालून राहिलो."

"तासभर," आई म्हणे, अन् पराठ्याचा डबा उघडला.

जहाज मस्त होतं, ते मी नाही म्हणत नाही. पण ती दुसरी संध्याकाळ! आईनं दुपारपासून तयारी लावली. चांपा गावची कोसा रेशमाची साडी, मोत्यांचा सर, केसात गजरा. तो गजरा मुंबईहून ओल्या रुमालात बांधून आणला होता. केबिन इतकीशी, की एकानं हात वर केला तं दुसऱ्यानं बसायचं. मी बिछान्यावर पाय वर घेऊन बसली होती. आईनं पिशवीतून कोट काढला. काळा, कॉलरले चमकदार कापड, सोनेरी बटणं, छातीवर एक चमकीचं फूल. मले तं आवडला खरं सांगू तं.

बाबानं एक बाही घातली, दुसरी घातली. अन् त्यायचा हात आपोआप आत गेला, छातीच्या डाव्या बाजूले, आतल्या खिशात. पावती-पुस्तक ठेवाले मुद्दाम मोठा शिवून घेतलेला खिसा. हात तिथंच थांबला.

"हा माझा कोट आहे."

"तुमचाच आहे, दुसऱ्याचा कायले राहील?"

"अवं, हा माझा ड्युटीचा कोट आहे!"

मी आईकडे पाहिलं. आई गजरा ठीक करून राहिली होती. "कापड पाहा ना त्याचं. आजकाल भेटते काय असं? टेलर बी म्हणे, भाभीजी, इसको फेंकना मत. कमरेत घेतला, कॉलर बदलली, ओळखू बी येत नाही."

"छातीवर हे फूल काय आहे?"

"तिथं नावाच्या पट्टीची भोकं होती."

"आई!!" मी ओरडली. "मी नवीन घेऊन देत होती ना! दुकानात नेत होती ना मी!"

"नवीन घेऊन एकच दिवस घालायचा? काहून?"

बाबानं कोट काढला. रागानं नाही, तेच तं वाईट. नीट घडी घातली, बिछान्यावर ठेवला, अर्ध्या बाहीचा शर्ट चढवला. "मी वर चाललो. तुमी जेवा." दार लागलं.

आई आरशात पाहून राहिली. मी म्हटलं, आई, आपण दोघी जाऊ, चाल. तिनं चपला घातल्या अन् निघाली. लिफ्टमध्ये गजऱ्याचा वास इतका, की मलेच रडू येऊन राहिलं.

अन् आता ऐका. आता ऐका फक्त!

डायनिंग हॉलच्या दारात एक मुलगी हसत उभी. तिच्यासमोर एक काका, फुलाफुलांचा शर्ट, हाफ पँट, पायात रबरी चप्पल, अन् ती त्यायले म्हणे, "वेलकम सर." मागून एक पूर्ण खानदान टी-शर्टात गेलं आत. मी म्हटलं, आज एलिगंट इव्हनिंग आहे ना? ती म्हणे, "मॅम, गेस्ट फीडबॅकवरून आज दुपारीच बदललं. आज रिसॉर्ट कॅज्युअल आहे. ॲपवर टाकलं होतं."

ॲपवर टाकलं होतं!!! माझी आई चांप्याच्या कोसात उभी आहे, घरात चार महिने युद्ध झालं, एका चांगल्या कोटाची नाही तं एका चांगल्या नवऱ्याची वाट लागली, अन् यायनं ॲपवर टाकलं होतं. मी त्या मुलीले काय काय म्हटलं ते लिहीत नाही. तिची काही चूक नव्हती, पण समोर तीच होती.

आईनं माझा दंड दाबला. "चूप बस." मंग त्या मुलीले विचारलं, "म्हणजे कोट नाही लागत?"

"नाही मॅम."

"शर्ट चालते? अर्ध्या बाहीचा?"

"एकदम चालेल मॅम."

"मंग मले दोघांचं टेबल द्या. खिडकीजवळचं." अन् माझ्याकडे वळली. "तू कायले उभी आहे? जा, बाबाले घेऊन ये. अन् तू येऊ नको, तू बुफेत जेव."

मी! मी येऊ नको! बुकिंग मी केलं, मेल मी वाचले, फोन मी लावले!

पळत वर गेली. एवढं मोठं जहाज, लिफ्ट भरलेल्या, जिने चढून चढून दम लागला. बाबा एका कोपऱ्यात बसले होते. समोर ताट. ताट साफ. राजमा-भात खाऊन, हात पुसून, माणूस समुद्राकडे पाहून राहिला होता.

"बाबा! जेवले तुमी?"

"मंग काय करू? भूक लागली होती."

"चला खाली. कोट नाही लागत. आई वाट पाहून राहिली."

"नाही लागत? कालपर्यंत तं लागत होता. कोणी बदललं? असं कसं बदलते बे रोज, गाडीचं टाइमटेबल आहे काय..."

"बाबा, प्लीज यार, जिन्यात बोलू!"

जिन्यात बी बोलतच राहिले. पण दाराजवळ आल्यावर थांबले, हातानं केस मागे घेतले, शर्ट पँटीत खोचला. आतून आई दिसत होती. खिडकीजवळ एकटी, समोर दोन ग्लास पाण्याचे, पाठ एकदम ताठ. बाजूची खुर्ची रिकामी. हेच चित्र मी किती लग्नांत पाहिलं आहे.

बाबा गेले अन् समोर उभे राहिले. मी मागेच होती, सगळं ऐकू आलं.

"मी जेवलो," बाबा म्हणे.

"मंग बसा."

बाबा बसले. सूप आलं. बाबानं दोन चमचे घेतले. मंग कसले तरी छोटे छोटे तुकडे आले, मोठ्या प्लेटमध्ये. आई हळूहळू खाऊन राहिली, एकेक घास, कोणी मागे लागलं नाही असं. बाबाचा पाय टेबलाखाली हलून राहिला होता, सवयच ती. "आता आणखी काय आहे?" त्यायनं विचारलं. आई म्हणे, "मले काय माहीत. येईल ते येईल." अन् स्वतःच्या प्लेटमधलं अर्धं त्यायच्या प्लेटमध्ये टाकलं. बाबा पोट भरलेलं असूनही खात बसले. कोणत्या तरी पदार्थावर हसले बी दोघं, काय होतं ते मले दिसलं नाही.

मी बुफेत गेली तं तिथं आवराआवर चालू. एक सुका पाव अन् चिप्स भेटले. ते खाऊन मी परत खाली आली, कारण इतकं सगळं झाल्यावर एक फोटो तं पाहिजे! गोड आलं होतं टेबलावर. बाबा अजून खुर्चीतच होते, पाय बी आता हलत नव्हता. मी मोबाइल वर केला अन् म्हटलं, "आई, बाबा, इकडे पाहा, स्माइल!"

आईनं चमचा बी खाली ठेवला नाही. "जा ना पोट्टी," ती म्हणे. "जेवून राहिलो ना आम्ही."