साबण, चष्मा, खिसा

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो. ही फजिती दुसऱ्या कुणी सांगितली, तर फार तिखटमीठ लावील.

माझी नात मृण्मयी सध्या डॉक्टरकीची इंटर्न आहे. कोंडाणे लेण्यांजवळच्या शाळेत तिच्या गटाला मुलांना हात धुवायला शिकवायचं होतं. नंतर त्यांच्या कॉलेजच्या मॅडम येऊन मुलांकडून ते करून घेणार, आणि त्यावर गटाचा शेरा ठरणार. मी जन्मभर मेडिकल कॉलेजात जंतुशास्त्र शिकवलेलं. खालापूरला घरी कसा बसणार? त्यांच्या जीपमध्ये चढलोच.

"आबा, मागे बसा आणि काही बोलू नका," मृण्मयी म्हणाली.

बोललो नाही हो, शपथ. पण मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली ती थेट तिच्या शेजारी, मुलांसमोर. आता नात बोलायला उभी राहिली की माझं काय होतं, विचारू नका. तळवे चोळतो, चष्मा वर ढकलतो, गोळ्यांची डबी आहे ना म्हणून खिसा चाचपतो आणि वर बघून पुटपुटतो, "देवा, निभाव रे बाबा."

ती अडखळेल, क्रम चुकेल... कशाचं काय! अशी बोलली की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा चुळबुळ विसरली. माझ्या वर्गात असं कधी झाल्याचं आठवत नाही.

खिचडीच्या वेळेला मॅडम आल्या. मुलं नळापाशी रांगेत. साबण, तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं चोख. माझी छाती फुगली. तेवढ्यात पहिल्या मुलानं हात धुऊन नसलेला चष्मा वर ढकलला, खिसा चाचपला आणि आभाळाकडे बघून म्हणाला, "देवा, निभाव रे बाबा."

दुसऱ्यानंही तेच केलं. तिसरीनंही.

"हे काय गं?" मॅडमनी तिला विचारलं.

"शेवटचं हाय ते, बाई. ताई इसरल्या, आजोबांनी दाखवलं."

मी आढ्याकडे बघणार होतो, पण नळावर आढंच नव्हतं.

मृण्मयी शांतपणे म्हणाली, "मॅडम, ते आमच्या घरचं आहे. त्यानं जंतू मरत नाहीत, पण माझ्या प्रत्येक परीक्षेला आबांनी ते केलंय."

मॅडम हसल्या. "मुलांनी एकही गोष्ट सोडली नाही, म्हणजे शिकवणं उत्तम," म्हणाल्या, आणि तसाच शेरा दिला.

अशी नात असल्यावर माणसानं मिरवायचं नाही तर काय करायचं? मी ताट घेऊन ऐटीत खिचडीकडे निघालो. पातेल्यापाशी तीच मघाची मुलगी. हात बघितल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही, म्हणून मृण्मयीनंच तिला उभं केलं होतं.

"आजोबा, हात दाखवा."

दाखवले. तिनं बोट लावून पाहिलं.

"सुके हायत."

"अगं, सकाळपासून चोळतोय मी."

"चोळलं तं लय. पानी कुठं लावलं?"

जंतुशास्त्राचा माजी विभागप्रमुख निमूट रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. बेचक्या, नखं, अंगठे, सगळं नीट धुतलं आणि ताट उचलायला वळलो.

"आजोबा," मागून आवाज आला, "चष्मा ढकलायचा ऱ्हायला."