डबल बेल

माझ्या मोबाईलच्या डोक्यावर आता पाचाचा आकडा दिसतो. हे आमच्या चिरंजीवांचं कर्तृत्व. तो पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला आला आणि माझ्या हातातला जुना मोबाईल काढून घेत म्हणाला, "बाबा, किती दिवस हे डबडं वापरणार? आता फाईव्ह-जी आलंय." जसा काही हा फाईव्ह-जी नावाचा पाहुणा स्टँडवर ताटकळत बसलाय आणि मी त्याला आणायला गेलो न्हाय.

"त्यानं काय होतं?" मी विचारलं.

"सगळं फास्ट होतं."

आता मी एसटीत कंडक्टर म्हणून उभा जन्म घालवलेला माणूस. फास्ट जाऊन जायचं कुठं, तर धाराशिवलाच ना? तिथं मी आधीच राहतोय. पण पोराचं मन मोडवेना, म्हणून घेतला नवा मोबाईल. आणि खरंच सांगतो, फरक पडला. पूर्वी सकाळी सुप्रभातवाला गुलाब यायचा तो गोल गोल फिरत, कण्हत कुथत यायचा, आणि तो उघडायच्या आत मला पुसून टाकता यायचा. आता धाडकन येतो. पंधरा गटांतले पंधरा गुलाब दात घासायच्या आत उघडलेले असतात. आमची मंडळी तर बेहद्द खूश. मोबाईलवरची एक बाई एका मिनिटात वडे तळून, वाढून, भांडीसुद्धा घासून मोकळी होते. "अहो, बघा की किती झटपट लागतंय!" म्हणते. आमच्या घरात चहाला मात्र पूर्वी लागायचा तेवढाच वेळ लागतो, उलट आता जरा जास्तच.

तर जो भेटेल त्याला मी सांगायचो, की बाबांनो, हा वेग बिनकामाचा आहे. पारावर, न्हाव्याच्या दुकानात, पेन्शनच्या रांगेत. लोक माना डोलवायचे. माझं तोंड बंद झालं ते बहिणीमुळं, आणि तिला तर तोंडानं बोलताच येत न्हाय.

धाकटी बहीण आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या एका गावात दिलेली आहे. चार वर्षांची असताना ती तापानं फणफणली, आणि ताप उतरला तो तिचे कान घेऊनच उतरला. मग बोलणंही गेलं. आमच्या घरात खुणांची एक भाषा तयार झाली, ती कुठल्या शाळेत शिकवत न्हाईत. कपाळावर बोट टेकलं की आई. मिशीला पीळ दिला की बाप. नाक दाबलं की शेजारची काकू. का ते काकूला आमी शेवटपर्यंत सांगितलं न्हाय.

मी एसटीत लागलो तेव्हा तिला एकदा माझ्या गाडीत बसवलं. तेव्हा गाडीत वर दोरी असायची. कंडक्टरनं ओढली की ड्रायव्हरपाशी बेल वाजायची. एकदा वाजली की गाडी थांबवायची, दोनदा वाजली की सोडायची. सिंगल आणि डबल. तिला बेल ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. तिला दिसलं ते एवढंच, की आपला भाऊ वर हात करून एकदा ओढतो आणि एवढं मोठं धूड उभं राहतं, दोनदा ओढतो आणि चालायला लागतं. टाळ्या पिटल्या हो तिनं! घरी आली ती हवेतली दोरी ओढतच आली. तेव्हापासून एकदा ओढलं की थांब, नको, आत्ता न्हाय. दोनदा ओढलं की चल, ये, व्हय, सगळं बरं आहे. तिला बघायला पाहुणे आले, मुलगा समोर बसला, आणि आईनं डोळ्यांनीच विचारलं, कसा वाटतो? पोरीनं सगळ्यांच्या देखत हवेतली दोरी दोनदा ओढली. पाहुण्यांना वाटलं माशी हाकलते.

असं हे तिचं बोलणं. सासरी नवऱ्यानं थोडं शिकून घेतलं होतं, तो गेला. आता मुलगा आणि सून आहेत, जीव लावतात, पण त्यांना तिची निम्मी भाषा कळते. सगळी कळणारा माणूस मी एकटाच उरलोय. म्हणून मोबाईलवर समोरासमोर दिसायला लागलं ते कुणाच्या नसेल एवढ्या तिच्या कामाचं होतं. बाकीचे लोक एकमेकांच्या नाकपुड्या बघत तेच बोलतात, जे साध्या फोनवर बोलत होते. भाच्यानं स्वतःचा जुना मोबाईल तिला दिला, त्यात माझा फोटो लावून दिला. फोटोवर बोट दाबायचं की भाऊ हजर.

हजर म्हणजे काय, अर्धामुर्धा. तिच्या गावात रेंजची एक काडी, तीही वाऱ्यावर. तिचा हात वर गेलेला दिसायचा आणि खाली येताना मध्येच कुठंतरी हरवायचा. पुढचं चित्र यायचं तेव्हा हात मांडीवर. मधलं काय बोलली ते मी अंदाजानं घ्यायचो. आपला शब्द तुटला तर आपण "हॅलो, हॅलो" ओरडतो. तिनं काय ओरडायचं? आणि एवढं सगळं डोळ्यांनी बघत असून मी न्हाव्याच्या दुकानात बसून सांगत होतो, वेगाचा काय उपयोग.

मागच्या वर्षी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दोन्ही डोळ्यांत. आपल्याला मोतीबिंदू झाला तर चष्मा पुसत बसू, नातवाला पेपर वाचायला सांगू. तिचे डोळे म्हणजेच तिचे कान, आणि तिची जीभ काय ती हाताची. समोरच्याचे हात दिसेनात तर ती जगातून उठलीच म्हणायची. मोबाईल ती नाकाला लावून बघायला लागली होती. मला दिसायचं काय, तर एक भलामोठा डोळा आणि त्यात साय.

धाराशिवच्या एका दवाखान्यात डोळ्यांचा डॉक्टर बाहेरगावाहून महिन्यातून एकदा येतो. त्यानं तपासून सांगितलं, ऑपरेशन करू, पण साखर वाढलेली आहे, आधी ती उतरवा. रक्त तपासून घ्या, उतरली असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत भरती व्हा. बेत असा ठरला: रिपोर्ट बरा आला की मी सकाळी वाशीला जायचं, तिला स्टँडवरून घेऊन यायचं. डॉक्टरांशी बोलायला मी लागणारच होतो. भाचा म्हणाला, "मामा, रिपोर्ट आला की म्या फोन करतो." तर हिनं त्याचा हात झटकला आणि स्वतःच्या छातीवर थाप मारली. मी सांगणार! माझे डोळे, माझा भाऊ, तू कोण मध्ये? स्वभाव आमच्या घराण्याचाच.

भरतीच्या दिवशी सकाळीच रिपोर्ट हातात आला, आणि त्याच सकाळी भाच्याच्या उसाला तोड आली. कारखान्याची टोळी एकदा फडात उतरली की शेतकऱ्यानं तिथनं हलायचं नसतं. भाच्यानं रिपोर्टचा कागद बघितला, आईला मान हलवून दाखवली, तिला रिक्षात बसवून वाशीच्या स्टँडकडं लावून दिलं आणि बायकोला घेऊन फडात गेला. जाताना रिक्षातूनच तिनं मला फोन लावला.

मी काय करत होतो? मी मॅच बघत होतो. नवा मोबाईल, पाचाचा आकडा, भिंतीला टेकवलेली उशी. काय ते चित्र! फलंदाजाच्या कपाळावरचा घाम मोजून घ्यावा. तेवढ्यात मॅच गायब झाली आणि बहीण आली. रिक्षाच्या धक्क्यात थरथरणारं तोंड. तिनं हात वर केला, हवेतली दोरी ओढली. एकदा. आणि चित्र जे गोठलं ते गोठलंच. वर केलेला हात, उघडं तोंड. मग कॉल कटला.

सिंगल बेल. थांब. म्हणजे साखर उतरली न्हाय, रिपोर्ट घेऊन घरी चालली असेल.

मी उलट फोन लावला. एकदाच लावला, लागला न्हाय. भाच्याला लावला, त्यानं उचलला न्हाय. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. ऊन चढलं होतं, गाडीत धक्के खात जायचं वाचलं, मॅच ऐन रंगात होती. "अगं, पुढच्या महिन्यावर गेलं," असं मी मंडळींना सांगितलं आणि उशी नीट केली. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटली पाहिजेच.

साडेतीनला फोन वाजला. साधा फोन, चित्र न्हाय, काही न्हाय, आवाज मात्र खणखणीत. वाशी स्टँडच्या कंट्रोलरचा, माझ्या नोकरीपासूनच्या ओळखीचा. "दादा, तुमची बहीण सकाळधरनं हितं फलाटावर बसलीय. धाराशिवची गाडी आली की उठती, दारात बघती, पुन्हा बसती. पाणी दिलं तर घेईना. कुणाला हात लावू देईना. काय भानगड हाय?"

चपला कुठं घातल्या आणि गाडीत कसा चढलो, आठवत न्हाय. आयुष्यभर लोकांना "पुढं सरका" म्हणणारा मी त्या दिवशी दारातच उभा राहिलो. वाशीला पोचलो तेव्हा पाच कधीच वाजून गेले होते. ती बाकड्यावर, मांडीवर पिशवी, पिशवीत नवीन लुगडं आणि रिपोर्ट. मी अगदी समोर गेलो तेव्हा तिनं मला ओळखलं. आणि उठून माझ्या तोंडासमोर हवेतली दोरी अशी ओढली, अशी ओढली, की खरी असती तर तुटून हातात आली असती. दोनदा! मग दोन बोटं माझ्या नाकासमोर. मी एक बोट दाखवलं, मोबाईल दाखवला. तिनं पुन्हा दोन. मी पुन्हा एक. फलाटावरची सगळी माणसं आमच्याकडं बघत होती. एक आजोबा म्हणाले, "दोन तिकिटं द्या की म्हाताऱ्यास्नी." ती माझ्या छातीवर बुक्क्या मारून रडली, आणि मीही तिथंच रडलो. कंट्रोलरनं तोंड फिरवलं.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी ऑपरेशनं उरकून निघून गेला. पुढची पाळी महिन्यानं. तो महिना कसा गेला ते मला विचारू नका. मोबाईलवर मी हात हलवायचो आणि ती कुठंतरी माझ्या बाजूला बघायची. तिकडून चित्र तुटत होतं, इकडून डोळे.

मग मी मोबाईल कंपनीच्या दुकानात गेलो. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर हसणारं कुटुंब. काउंटरवरची बाई लई गोड बोलली. "काका, तुमच्याकडं तर फुल रेंज आहे."

"माझ्याकडं आहे गं बाई. बहिणीकडं न्हाय."

"मग तक्रार त्यांनी करायला लागेल. त्यांच्याच नंबरवरून फोन करून बोलायचं."

"बोलायचं?"

"हो, बोलायचं फक्त. सोपं आहे."

"तिला ऐकू येत न्हाय आणि बोलता येत न्हाय."

बाईनं कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ बघितलं. त्यासाठी बटण नसावं. शेवटी म्हणाली, "त्या भागात लवकरच येणार आहे, काका." मी तिला काय बोललो ते इथं लिहीत न्हाय. बिचारीचा दोष नव्हता, मला कळत होतं, तरी बोललो.

आता न्हाव्याच्या दुकानात मी दुसरंच भाषण करतो. वेग पाहिजे, म्हणतो. जरूर पाहिजे. पण सरकारनं आणि कंपन्यांनी शोधून शोधून तो मला दिलाय, गुलाब उघडायला आणि घाम मोजायला. जिचा एक हात पुरता खाली आलेला दिसला तरी बास होतं, तिला दिलीय एक काडी. आणि दोन्ही टोकांपैकी एक टोक लंगडं असलं की दुसऱ्या टोकाचा पाचाचा आकडा नुसता दागिना, हे चिरंजीवांनी मला सांगितलं न्हाय. न्हावी म्हणतो, "कंडक्टरसाहेब, तुमी तर म्हणायचे वेग बिनकामाचा." मी म्हणतो, तू वस्तरा चालव.

पुढच्या पाळीला मी फोनची वाट बघितली न्हाय. दोन दिवस आधीच तिच्या गावी जाऊन बसलो. हाताला धरून तिला आणली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, छान झालंय, उद्या पट्टी काढू, दुसऱ्या डोळ्याचं नंतर बघू.

संध्याकाळी वॉर्डात ती उताणी पडलेली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात साय. तिची सून रात्री राहणार होती, बाईमाणसांचा वॉर्ड, मला निघायचं होतं. मी तिच्या समोर हात हलवला, पण तिला काही दिसलं न्हाय. ती अंधारात एकटी पडली होती, आणि तोंडावर भीती दिसत होती, लहानपणी तापातून उठल्यावर होती तशी. खिशात मोबाईल होता. रेंज फुल.

मी तिचा हात हातात घेतला आणि तिचं बोट हळूच ओढलं. दोनदा. सगळं बरं आहे, मी निघतो. तिनं बोट सोडवून घेतलं, चाचपडत माझं बोट पकडलं, आणि ओढलं. एकदा.

मी हात तसाच ठेवला. घाई केली न्हाय. दुसरी येते का बघत थांबलो, लई वेळ थांबलो. दुसरी आली न्हाय. सुनेला म्हणालो, "पोरी, ते स्टूल जरा इकडं दे." आणि बसलो.